शेजारचं यंत्र

जर्मनीतल्या ब्योब्लिंगेनच्या त्या पबमध्ये शिरताना माझं लक्ष फक्त यंत्रांकडे होतं. मी भौतिकशास्त्र शिकले आणि आता पैसे लावून खेळायची यंत्रं तपासते. एका डावाला किती सेंट लावता येतात, तासाभरात जास्तीत जास्त किती हरता-जिंकता येतं, ही कायद्याची मर्यादा कुणी सैल केलेली नाही ना, एवढंच बघायचं. सोबत ओर्डनुंग्सआम्टच्या, म्हणजे शहराच्या कायदा-सुव्यवस्था खात्याच्या, फ्राऊ केलर होत्या. आम्ही न कळवता आलो होतो.

भिंतीपाशी दोन यंत्रं चालू होती आणि समोर एकच म्हातारा माणूस. डावा हात एका यंत्राच्या बटणावर, उजवा दुसऱ्याच्या. एका माणसाला एका वेळी एकच यंत्र, असा नियम आहे. नाहीतर मर्यादेला अर्थच उरत नाही.

तो माणूस वळला. माझे सासरे, अण्णा. सकाळी ‘जरा पाय मोकळे करून येतो’ म्हणून घरातून निघालेले.

“ओळखीचे आहेत का?” फ्राऊ केलरनी विचारलं.

“नाही,” मी म्हणाले. इतक्या पटकन की माझं मलाच नवल वाटलं.

एवढं जर्मन अण्णांना कळतं. त्यांनी एक हात हळूच मांडीवर घेतला.

“शेजारचं यंत्र दुसऱ्याचं आहे,” मालक काउंटरमागून म्हणाला. “तो सिगारेट ओढायला गेलाय. हो ना, आजोबा?”

“गेनाऊ, अगदी बरोबर,” अण्णा जर्मनमध्ये म्हणाले. मग यंत्राच्या पडद्याकडेच बघत, मराठीत, “तू तुझं काम कर गं. मी तुझा कोणी नाही.”

मी यंत्रं उघडली. वायर लावली, आकडे वाचले. दोन्ही निर्दोष. मान मात्र वर होत नव्हती.

“मग काही सिद्ध होत नाही,” फ्राऊ केलर पुटपुटल्या. निघताना त्यांनी शेजारच्या यंत्रावरच्या स्टीलच्या डब्याकडे बोट दाखवलं. “हा कुणाचा?”

“त्या सिगारेटवाल्याचा,” मालक म्हणाला.

डब्यात चिवडा होता. अण्णांना बागेतल्या बाकावर बसून खायला म्हणून सकाळी मीच भरून दिलेला. अण्णांनी माझ्याकडे बघून किंचित मान हलवली: नको.

“माझा,” मी म्हणाले. “म्हणजे आमच्या घरचा. हे माझे सासरे आहेत. दोन्ही यंत्रांवर तेच खेळत होते, मी आत येताना पाहिलं. मघाशी मी खोटं बोलले. इथली तपासणी आता दुसऱ्या कुणाकडून करून घ्या.”

फ्राऊ केलरनी वही काढून लिहायला घेतलं. मालकाने जोरात शिवी हासडली.

अण्णा उठले. डब्याचं झाकण लावून त्यांनी तो आपल्या पिशवीत टाकला.

“अनिमेषला मी सांगतो,” ते म्हणाले. “आपल्या बापाबद्दल हे त्याला बायकोकडून कळायला नको.”

दारापाशी ते थांबले, मी येते का ते बघायला. मी अजून वायर गुंडाळत होते.