भंगारातून कोर्टात गेलेला पंप

मित्रांनो, मी एक जुना फवारणीचा पंप आहे. पितळेची टाकी, दोन पट्टे आणि एक लांब नळी, एवढाच माझा देह. इंझोरीच्या माणिकरावांनी मला कपाशीसाठी विकत आणले, तेव्हा मी सोन्यासारखा चमकत होतो.

मला पाठीवर घेई तो जानराव मजूर. काम संपले की मला धुऊन, पुसून उलटा टांगून ठेवी. पुढे पंच्याहत्तर सालच्या हंगामात माझ्या तळाचा सांधा सुटला. विषारी औषध त्याच्या पाठीवर झिरपू लागले.

"मालक, पंप गळून राह्यला. दुरुस्त करून आना," तो म्हणाला.

"एवढी फवारनी होऊ दे, मंग पाहू," माणिकराव म्हणाले.

त्याच आठवड्यात जानराव कपाशीत कोसळला. त्याच्या बायकोने, वच्छलाने, त्याला बैलगाडीतून दवाखान्यात नेले. जीव वाचला, पण हातांना कायमचा कंप सुटला. माणिकराव म्हणाले, पंप चांगला होता, यानेच निष्काळजीपणा केला. आणि मला त्यांनी गुपचूप भंगारात विकले.

वच्छलाने भरपाईसाठी कोर्टात दावा लावला. मंगरूळपीरचे पंजाबराव वकील तो फी न घेता लढत होते. पुरावा म्हणून मला शोधत ती दोघे रहमतुल्ला भंगारवाल्याकडे आली. त्याने मला तोडले नव्हते.

"औषधाचा वास आला, सांधा पाह्यला. मले वाटलं, याच्यापायी कोनीतरी इचारत येईन," तो म्हणाला. माणिकराव त्याचे जुने गिऱ्हाईक. तरी तो साक्षीला उभा राहिला.

कोर्टात पंजाबरावांनी काळा कोट उतरवला, माझ्यात साधे पाणी भरले, मला पाठीवर घेऊन चार फेऱ्या मारल्या आणि न्यायाधीशांकडे पाठ केली. पांढरा सदरा कमरेपर्यंत भिजला होता. माणिकरावांनी मान खाली घातली. जानरावाला उपचाराचा खर्च आणि भरपाई मिळाली.

आता मी जानरावाच्या घरी आहे. फवारणीआधी गावचे मजूर आपापले पंप घेऊन त्याच्या दारी येतात. तो थरथरत्या हातांनी प्रत्येक सांधा चाचपतो.

"जाय आता. तोंडाले फडकं बांध, बापू," तो म्हणतो.

मित्रांनो, मला जपणाऱ्या या माणसांचा मी ऋणी आहे. तुम्ही अवजारे जपा, पण ती पाठीवर वाहणाऱ्याला त्याहून अधिक जपा.