पावणेचार अंशांवर

अंगठ्याएवढी तांब्याची वाटी, आतून पांढरी — रुमालात गुंडाळलेली, खिशात असूनही प्रेमराजांच्या बोटांना थंड लागत होती, की बोटंच थंड पडली होती?... बसनं पारोळा मागे टाकलं होतं. दोन वाजता धुळ्याला त्यांचा सत्कार होता. इलेक्ट्रॉनांवरच्या ज्या शोधासाठी त्यांना पारितोषिक मिळालं तो याच वाटीत ठेवलेल्या स्फटिकात लागला होता, म्हणून ती सभागृहात मांडायची होती.

सकाळी जळगावात ते ती आपल्या मित्राला, मुख्तारला दाखवायला घेऊन गेले, ते केवळ हौसेनं. पंचवीस वर्षांपूर्वी त्यानंच घडवलेली.

"बघ, अजून कशी चकाकते तुझी चांदी."

मुख्तार हसला. "चांदी? भाऊ, एवढा श्रीमंत मी कधी झालो! कल्हई आहे ती. तांब्याचं भांडं बिनकल्हईचं दिलं असतं, तर अब्बा कबरीतून उठून आले असते."

"अरे, पण यात कुणी जेवणार नव्हतं."

"मला काय माहीत, तुम्ही प्रोफेसर लोक कशात काय खाता!"

तेही हसले होते. बसमध्ये चढेपर्यंत ते हसू तोंडावर तसंच राहिलं होतं.

कल्हई म्हणजे कथिल. निरपेक्ष शून्याच्या वर पावणेचार अंशांवर कथिलाचा विजेला होणारा विरोध एकाएकी नाहीसा होतो — दरवर्षी मी हेच शिकवलं, फळ्यावर आलेख काढून... आणि बरोबर तिथंच आपल्या स्फटिकात ती घसरण दिसली तेव्हा संशय आला नाही, कारण वाटीत कथिल नव्हतंच, चांदी होती, आणि चांदीला असं काही होत नाही. मुख्तारला विचारायला हवं होतं. पण मित्रानं प्रेमानं चांदी चढवली असेल, तर विचारून त्याला कशाला अवघडवायचं — एवढ्याशा संकोचावर सगळं आयुष्य उभं राहिलं. कोरियातल्या एका मुलीनं लिहिलं होतं, आम्हाला ती घसरण सापडत नाही. प्रेमराजांनी उलट कळवलं, तुमचा स्फटिक शुद्ध नसावा. पुढं तिनं तो विषयच सोडला म्हणे.

फोन वाजला. हितेंद्र, त्यांचा विद्यार्थी. डॉक्टरेट त्याच घसरणीवर, पुढच्या महिन्यातली बढतीची मुलाखतही तिच्याच जोरावर.

"सर, कुठवर आलात? हॉल भरलाय. माझी आईपण आलीय, तुमच्या सरांना एकदा बघू दे म्हणते."

"हितेंद्र..."

"बोला ना सर."

"येतोय."

खिडकी उघडीच होती. हात बाहेर काढून मूठ सोडली की संपलं. मुख्तारला काय, कल्हईच ती. कुणाला कधी कळणार नव्हतं... कुणाला म्हणजे?

त्यांनी मनातल्या मनात वाक्य जुळवून पाहिलं: आम्ही मोजलं ते कथिल होतं. जन्मभर प्रत्येक वाक्याआधी 'बहुधा' लावणारा हा माणूस, सत्काराच्या उत्तरातसुद्धा. याही वाक्याआधी त्यांनी तो शब्द लावून पाहिला. बसेना. पुन्हा लावला. बसेना. आणि त्या 'बहुधा'च्या जागी आजवर कधी न भेटलेली एक खात्री मुकाट येऊन बसली होती — तिच्या शेजारून उठून जायला भरल्या बसमध्ये कुठं जागा नव्हती.