निघण्याआधीचा बाक

सर्र... सर्र... रंध्याचा तो आवाज मी जन्मताच ऐकला. मी बाक बोलतोय, रशियातल्या सुखोना नदीकाठच्या एका खेड्यातला, घरातल्या दाराजवळचा. तिखोनने मला घडवलं आणि बायकोला हाक मारली, "क्लावा, बसून बघ. मोडला तर तुझ्या वजनाने, माझ्या कामाने नव्हे!"

"आधी तुझ्या जिभेला रंधा मार," ती म्हणाली आणि ऐसपैस बसली.

मला रशियन सोडून दुसरी भाषा येत नाही. गरजच पडली नाही. तिखोन सैन्यात असताना आगगाडीने पार पूर्वेच्या समुद्रापर्यंत गेला होता. माझ्यावर बसून बूट काढताना सांगायचा, "आठवडाभर गाडी धावत होती, पण कुठल्याही स्टेशनात उतरा, चहाचं पाणी आपल्याच भाषेत मागायचं!"

तिखोन गेला. मुलगा गेन्नादी जर्मनीत जाऊन तिथलाच झाला. क्लावा फोनवर एकच मागायची, "गेना, पोरीला आपली भाषा शिकव रे. मला तिच्याशी बोलायचंय."

"शिकतेय ना, आई. छान बोलते."

त्या एका वाक्यावर म्हातारीने गाय विकली, कोंबड्या शेजारणीला दिल्या आणि कायमचं तिकडे जायला तयार झाली.

काल बापलेक आले. क्लावाने नातीला, लीनाला, कुशीत घेतलं. "दमलीस का गं राणी? भूक लागली?"

पोरगी गोड हसली आणि बापाकडे बघू लागली. तिला एकही शब्द कळला नव्हता.

"तिकडे कुणाशी बोलणार ती, आई?" गेन्नादी पुटपुटला. "उपयोग काय?"

"माझ्याशी, मेल्या!"

माणसांची तळपायाची आग मस्तकात जाते. मला मस्तक नाही, ती फळीभर पसरली. अरे, ज्या भाषेत तू पहिला घास मागितलास, ती लेकीला द्यायला तुला काय धाड भरली होती? आणि वर आईशी खोटं? चार पाय असून लाथ मारता येत नाही, याचं एवढं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. ऐकणाऱ्यांनो, कुठेही राहा, काहीही शिका. पण म्हातारीच्या तोंडची नात हिरावू नका.

आज सकाळी सामान दाराशी आलं. आमच्याकडे प्रवासाला निघताना सगळ्यांनी जरा वेळ गप्प बसायचं असतं. मग घरातलं मोठं माणूस "चला, देव पाठीशी असो" म्हणतं, तेव्हाच उठायचं. तिघं माझ्यावर बसली. वेळ जात राहिला. गेन्नादी चुळबुळला.

"आई, म्हण ना. गाडी चुकेल."

क्लावाने लीनाच्या गालावरून हात फिरवला. मग ती उठली, आपलं गाठोडं उचललं आणि ते शब्द न म्हणताच परत आत चुलीकडे निघून गेली.