सगळ्यात मजबूत सुई

"आई, समोरच्या मोठ्या दुकानात सगळंच मिळतं, मोबाईलवर तर घरपोच मिळतं. मग सुया घ्यायला लोक तुझ्याकडे येतातच कशाला?"

हा प्रश्न विचारून दाखवायची पैज मैत्रिणींनी लावली होती. त्या या लेकीला 'तोफ' म्हणत, आणि तोफेने माघार घेतली तर मग राहिलं काय? शिलाई मशीनच्या सुया आणि दोरे एवढंच विकणाऱ्या त्या अरुंद दुकानात तिने प्रश्न धडाड्‌ करून डागला. मागच्या बाकावर एक मशीन उघडून बसलेल्या बाबांच्या हातून स्क्रू पडला.

आई म्हणाली, "मला दातांच्या डॉक्टरांकडे जायचंय, बाबांना हे मशीन पोचवायचंय. दोन तास तू बस. उत्तर सापडलं तर मलाही सांग. त्या समोरच्या दुकानापायी माझीही झोप उडालीय."

वक्तृत्वाची दोन बक्षिसं घरात असल्यामुळे तोंडाने काहीही विकता येतं अशी तोफेची खात्री होती. तेवढ्यात पोशाखवाल्या मावशी आल्या. दुकानाचं सगळ्यात जुनं आणि मोठं गिऱ्हाईक.

"पोहणाऱ्या मुलींचे बारा पोशाख आहेत गं. ताणलं की लांबणारं कापड. आई देते ती सुई दे."

आई देते ती! तोफेने खण उघडला. तीस पुड्या, तीसही सारख्याच. दोऱ्याच्या रिळांशी खेळत लहानाची मोठी झालेल्या या विदुषीला मशीनच्या सुईचं भोक टोकापाशी असतं, हे त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. पण चेहरा असा, जणू सुईचा शोध हिच्याच आजोबांनी लावला. एका पुडीवर 'चामड्यासाठी' लिहिलेलं होतं. चामड्याला जी पुरून उरते, तिच्यापुढे या पातळ फडक्याची काय बिशाद?

"ही घ्या मावशी, सगळ्यात मजबूत. बारा काय, बाराशे शिवा!"

मावशी गेल्या. तोफेने मैत्रिणींना ताबडतोब कळवलं, "उत्तर सापडलं. लोक बोलण्यावर भाळून येतात."

दुसऱ्या दिवशी मावशींनी दोन पोशाख गल्ल्यावर आपटले. शिवणीच्या कडेने भोकंच भोकं, मुंग्यांनी रांगेत बसून खाल्ल्यासारखी.

"कापडच हलकं असेल," तोफ म्हणाली. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

आईने मावशींनी परत आणलेल्या सुईच्या टोकावरून नुसती नखाची कड फिरवली. "चामड्याची दिलीस? हिचं टोक पातं असतं, कापत जातं. या कापडाला गोल टोकाची लागते. ती धागा तोडत नाही, दोन धाग्यांतून वाट काढते."

"समोरच्या दुकानात विचारलं की नुसतं पाटीकडे बोट दाखवतात," मावशी म्हणाल्या. "म्हणून मी तुझ्या आईकडे येते. इथेही पुडीवरचंच वाचून देणार असाल, तर रस्ता ओलांडायला मला किती वेळ लागतो?"

पैजेच्या प्रश्नाचं उत्तर समोर उभं होतं आणि निघायच्या बेतात होतं. तोफेची वातही विझली.

आईने मावशींना बसवलं. बाकावरच्या दुसऱ्या मशीनला गोल टोकाची सुई लावली, भोकांच्या आत बोटभर सरकून नवी शिवण घातली, बाहेरची पट्टी कापली. "कापड ताणतंय, मापात बसेल." मावशींनी दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. शिवण ओढीबरोबर लांबली, तुटली नाही. मग त्यांनी गोल टोकाच्या दोन पुड्या मागितल्या. आईकडे बघून, तोफेकडे नाही.

त्या गेल्यावर तोफेने कापलेल्या पट्ट्या गोळा केल्या. चामड्याची सुई लावून एक टीप मारली, मग गोल टोकाची लावून दुसरी. पहिली टचटच वाजत गेली, दुसरीचा आवाजच नाही. एवढं ऐकायला तिला पंधरा वर्षं लागली होती.

"आईबाबा, ऐका," ती उठून म्हणाली. "आजपासून मी गल्ल्यावर बसणार नाही."

"लगेच रुसलीस?" बाबा म्हणाले.

"रुसले नाही हो! शाळा सुटली की मागच्या बाकावर बसणार. खणातली प्रत्येक सुई प्रत्येक कापडावर चालवून बघणार. तिसावी पुडी संपेपर्यंत कोणी काही विचारलं, तर मी एकच वाक्य बोलणार, 'थांबा, आईला बोलावते.'"