पायाखालची सावली

गिटार छेडायचं पिक एका बाजूनं पार झिजलं होतं... बोटांत फिरवताना ती बाजू आपोआप अंगठ्याखाली यायची, आणि आनंदराजला वाटायचं, हे आपलं नाहीच, 'उकाडा'चं आहे — नांदेडच्या त्या रॉक बँडचं, ज्याच्या मधोमध तो कॉलेजपासून घसा ताणून उभा होता आणि ज्यातून नुकताच स्वतःच्या पायांनी बाहेर पडला होता. आज लातूरला एकट्याचा पहिला कार्यक्रम. पोस्टरवर एकच नाव. बसमध्ये शेजारी आई, सरजाबाई, मांडीवर धपाट्यांचा डबा घेऊन वऱ्हाडाला निघाल्यासारखी.

"एकटा गाणार तू?" बँड सोडताना ड्रमवाला व्यंकट हसला होता. "पानटपरीवर तरी एकटा जातूस का रे?" — रागावला असता तर बरं झालं असतं, हसणाऱ्याशी भांडायचं कसं? आणि आज खरंच नाही जमलं तर?... तर उद्या त्यालाच फोन करायचा, दुसरं काय. तो हसत हसत परत घेईलही. भीती त्याचीच होती.

दुपारी हॉलवर माइक तपासताना घोळ झालाच. 'दुपार झाली, सावली कुठंय?' एवढं म्हणून तो सवयीनं पाऊलभर मागे सरकला. गाण्यात या जागी मागून बँडमधली तिघं ओरडायची, 'पायाखाली, पायाखाली!' आणि पोरं नाचायची... आज मागे नुसता पडदा. "माइक गेला का हो?" म्हणत साउंडवाला धावत आला. माइक ठणठणीत होता. मग आनंदराजनं ठरवलं, ती जागा गिटारनं भरायची, मागे सरकायचंच नाही. पायाला त्यानं दटावलंसुद्धा.

संध्याकाळी हॉल बऱ्यापैकी भरला, ती ओळ आली, आणि पायानं ऐकलं नाही. शांतता... केवढी लांब! बोटंही गिटार विसरली — मी इथं काय करतोय, कुणी सांगितलं होतं हे शहाणपण — तेवढ्यात खुर्च्यांमधून, जयंतीच्या मंडपात शोभावा असा खडा आवाज आला, "पायाखाली, पायाखाली!"

आई! लग्नाआधी रेणापूरला ती गायन पार्टीत कोरसला होती. गाणाऱ्यानं ओळ सोडली की कोरसनं ती उचलायची, कुणाला विचारत बसायचं नाही, हा तिथला रिवाज. बसमध्ये त्याचं हेच गाणं पुटपुटणं ऐकत आली होती ती. पट्टी मात्र तिची स्वतःची, त्याच्याहून चांगली उंच. लोक खो खो हसले. लाजेनं त्याचे कान तापले, आणि छाती तर अशी हलकी झाली की त्यालाही हसू आवरेना.

"थांबून का राहिलास?" सरजाबाई हात उडवून म्हणाली. "सोडलेली ओळ कुणीबी घेतंय की. म्हण म्होरं!"

त्यानं गिटारच्या गळ्यावरचा कॅपो, पट्टी बदलायचा चिमटा, सैल केला, पुढे सरकवून आईच्या पट्टीत लावला आणि पुन्हा सुरुवात केली. आवाज ताणला जात होता, कडेला थोडा फाटतही होता... फाटू दे. उद्या व्यंकटला फोन करावा लागेल की नाही, त्याला अजून ठाऊक नव्हतं. 'सावली कुठंय?' — पाय मागे सरकला, यावेळी मुद्दाम, आणि मागे कोण आहे ते पाहायला त्यानं मान वळवली नाही. तो समोर बघत होता. तिथल्या अंधारात श्वास भरून घेतल्याचा आवाज आला, आणि तो एकट्या आईचा नव्हता.