दिसेनाशी होणारी तबकडी

मित्रांनो, गोठ्यातल्या खुंटीला टांगलेली ती पत्र्याची जुनी तबकडी दिसली का? तीच मी. ब्याऐंशी साली नेसरीच्या बाजारात पत्र्याचं काम करणाऱ्या चमनभाईंनी तेलाच्या डब्याच्या पत्र्यातून मला गोल कापलं. दोन फाका काळ्या, दोन पांढऱ्या रंगवल्या. खाली वजन बांधलं, मधोमध दोर ओवला आणि त्याला वितीवितीवर गाठी मारल्या.

चिमणाबाई आणि नबीलाल यांनी गावच्या तळ्यात मिळून झिंगे सोडले होते. तुळशीला पाणी घातलं की चिमणाबाई मला हळूच तळ्यात सोडायच्या. मी दिसेनाशी झाले की गाठी मोजायच्या. हा त्यांचा रोजचा नेम.

“काकी, ताटली बुडवून काय बघतीयास? भाकरी तरी वाढ तिच्यावर!” शेजारचा जोतीराम हसायचा.

“ती खरं बोलती रं, तुझ्यावानी न्हाय.”

तळ्याचं पाणी हिरवं दिसतं, ते घाणीमुळं नव्हे. डोळ्यांना न दिसणारे लाखो जीव त्यात तरंगत असतात. त्यांना प्लवंग म्हणतात. केवढीशी ती लेकरं! पण झिंग्यांच्या पिल्लांचं पोट तीच भरतात आणि उन्हात पाण्याला प्राणवायूही तीच देतात. अंधारात मात्र तोच प्राणवायू स्वतः ओढून घेतात. म्हणून ती बेताचीच हवीत. दीड-दोन वितींवर मी दिसेनाशी झाले, की पाणी सुखी.

त्या वर्षी बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, साऱ्या गावानं बैल तळ्यातच धुतले. शेण पाण्यात गेलं, त्यावर प्लवंग बेसुमार वाढले. वर आभाळ भरलेलं, ऊन नाही. चिमणाबाईंकडं पावणे उतरलेले. तीन दिवस नेम चुकला, मी खुंटीवरच राहिले.

चौथ्या दिवशी उजाडताना झिंगे काठावर चढून आले. जोतीराम टोपलं घेऊनच धावला. “काकी, देवानं दारात आणून दिलंय की!”

चिमणाबाईंनी आधी मला पाण्यात सोडलं. चार बोटांवरच मी दिसेना.

“टोपलं खाली ठेव, जोत्या! हौसंनं न्हाय आलं ते, जीव गुदमरलाय त्यांचा. नबीभाऊ, हिरीवरचं इंजिन चालू करा!”

विहिरीचं ताजं पाणी उंचावरून तळ्यात कोसळू लागलं. जोतीराम कमरेइतक्या पाण्यात उतरून त्याच टोपल्यानं पाणी उडवत राहिला. उन्हं आली तसे झिंगे एकेक करून आत सरकले. काही काठावरच राहिले. चिमणाबाईंनी त्यांच्यापुढं हात जोडले. “माझा नेम चुकला रं, लेकरांनो.”

पुढच्या बेंदराला बैल ओढ्यावर गेले. जोतीराम तर रोज हाक मारायचा, “काकी, आज ताटली काय म्हणती?”

आता माझा रंग उडालाय. काळं काय, पांढरं काय, सगळं गंजानं एकसारखं झालंय. अशीच पाण्यात सोडलीत तर मी लगेच दिसेनाशी होईन आणि चांगल्या पाण्यालाही आजारी ठरवीन. मित्रांनो, माझ्या दोन फाकांना थोडा पांढरा रंग लावा. खरं सांगायचा माझाही नेम आहे, तो मोडू देऊ नका.