डावा दिवा

बाबा गेल्यापासून जीप शेडमध्ये तशीच उभी होती, आणि आई तिच्या शेजारून जाताना तोंड फिरवून जायची. अगदी रुसल्यासारखी. गाडीवर कसला राग धरायचा, असं लेकीच्या जिभेवर यायचं, पण ती गप्प बसायची. शोकाला ज्याची त्याची तऱ्हा असते, एवढं तिला कळत होतं. आई म्हणजे जन्मभर पुस्तकांत डोकं खुपसून बसलेली बाई, पण या काही महिन्यांत एकही पुस्तक तिच्या हातून शेवटापर्यंत गेलं नव्हतं.

आई ऑपरेशन थिएटरची सिस्टर. हॉस्पिटल डोंगरापलीकडे, आणि मधला रस्ता नुसता वळणांचा. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला खोल उतार. सकाळी बस मिळे. पाळी सुटेपर्यंत मात्र अंधार पडलेला असे आणि शेवटची बस निघून गेलेली. म्हणून बाबा जीप घेऊन जात. वर्षानुवर्षं गेले. ते वारल्यावर थिएटरमधल्याच एका डॉक्टरीणबाईंनी आईला सोडायला सुरुवात केली होती, पण त्यांची आता बदली झाली. त्या निघून गेल्या त्याच संध्याकाळी आई ताटं पुसता पुसता म्हणाली, "सोमवारी मोठ्या सिस्टरना सांगून टाकते."

"काय सांगतेस?"

"नोकरी सोडतेय म्हणून. पुरे झालं आता."

"पुरे झालं, की यायला गाडी नाही?"

"दोन्हीचा अर्थ एकच."

अर्थ एकच नव्हता. थिएटरमधून आलेली आई जेवताना बोलत असे, हसत असे, कोणत्या सर्जनने कोणाला कसं झापलं याची नक्कल करून दाखवत असे. सुट्टीच्या दिवशी तीच आई खिडकीत बसून राही. नोकरी सुटली तर सगळेच दिवस खिडकीतले होणार, हे लेकीला लख्ख दिसत होतं.

"मी येईन ना न्यायला. जीप आहे की."

"त्या गाडीचे दिवे पाहिलेस? त्यांच्यापेक्षा काजवे बरे. तुझ्या बाबांना रस्ता पाठ होता, डोळे मिटून आणलं असतं त्यांनी. तुला पहिल्या वळणावर कडा दिसायचा नाही, आणि मग हॉस्पिटलात दोघींना एकाच खोलीत दोन खाटा."

आईचं म्हणणं खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला लेकीने जीप बाहेर काढली. बॅटरी दिवसा चार्ज करून घेतली होती, त्यामुळे इंजिन पहिल्याच किल्लीला चालू झालं, चारही चाकांचा जोर टाकल्यावर गाडी चढ म्हशीसारखी शांतपणे चढली. पण दिवे लावले तर समोर नुसता पिवळट धूसर उजेड. पहिल्या वळणाच्या आधीच तिने गाडी थांबवली आणि जपून मागे घेतली. सोमवारला फार दिवस राहिले नव्हते.

चौकापलीकडच्या गल्लीत बाबांच्या मित्राचं दुकान होतं. गाड्यांच्या वायरिंगचं काम. क्षणात तापायचे आणि क्षणात विझायचे, म्हणून सगळे त्यांना फ्यूजकाका म्हणत. आता तेही स्वतःला तसंच म्हणत.

"तुझ्या बापाला कानीकपाळी ओरडलो, दिवे बदल म्हणून," ते म्हणाले. "तर म्हणे, मला दिसतंय. याला दिसतंय! बरं, सोड. हे बघ, एलईडी. नवीन आलेत. सूर्य आहे गं पोरी, सूर्य."

सूर्य त्यांनी तिथल्या तिथे बसवून दिले. प्रकाश डोळे दिपवणारा पांढरा शुभ्र होता, आणि लेक खूश होऊन सरळ डोंगराच्या रस्त्याला लागली. थोड्याच वेळात तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटू लागलं. झाडांचे शेंडे उजळले होते, कड्यातला दगड न् दगड मोजता आला असता; रस्ता तेवढा काळाच होता. उजेड सगळीकडे सांडत होता, हवा तिथे सोडून. तेवढ्यात समोरून आलेला ट्रक करकचून थांबला आणि ड्रायव्हरने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं.

"ओ ताई! रस्ता काय विकत घेतलाय? माणसाला आंधळं करता का?"

"माफ करा. नवीन दिवे आहेत."

"मग जुने काय वाईट होते?"

ती घरी परतली तर आई खिडकीत. "स्टेडियम आणलंस की काय दारात? शेजारच्या आजोबांना वाटलं उजाडलं. बिचारे दात घासायला उठले."

लेकीला हसू आलं, पण दिवे मालवल्यावर ती बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. रविवार तेवढा उरला होता.

रविवारी सकाळी फ्यूजकाका आपली पेटी घेऊन स्वतःच हजर झाले. ट्रकवाल्याची हकिकत ऐकून आधी तापले, मग विझले. "चुकलंच माझं. या दिव्याची वाटी जुन्या बल्बच्या तारेसाठी घडवलेली. तार जिथे हवी तिथेच हवी, तर उजेड रस्त्यावर पडतो. मी तिथे दुसरंच काहीतरी कोंबलं. दुकानात आलं म्हणून विकलं, झालं. तुझा बाप असता तर माझी सालटी काढली असती."

त्यांनी मीटर काढून आधी बॅटरीला लावला, मग दिव्याच्या मागे, मग पुन्हा बॅटरीला. भुवया वर गेल्या.

"अगं, हे दिवे कुठले आंधळे! उपाशी आहेत बिचारे."

"म्हणजे?"

"बॅटरी भरलेली आहे. पण तिथून करंट निघतो तो या मरतुकड्या वायरीतून आत जातो, स्टिअरिंगच्या बटणातून फिरतो, परत पुढे येतो. तीस जणांच्या पंगतीत ताट हातोहात फिरत आलं, तर शेवटच्याच्या वाट्याला काय येणार? आता आपण बॅटरीवरून दिव्यापर्यंत थेट जाड वायर टाकू, मध्ये रिले बसवू. बटणाने फक्त 'हो' म्हणायचं, वाढप दुसरीकडून."

काम दुपारपर्यंत चाललं. लेकीने वायरी धरल्या, टेप कापून दिली, दोनदा चुकीचा पाना देऊन बोलणी खाल्ली. आई घरातून बाहेर आली नाही. पण स्वयंपाकघराची खिडकी शेडकडे उघडत होती, आणि तिथली भांडी जरा जास्तच वेळ घासली जात होती.

शेवटी फ्यूजकाकांनी नव्या हॅलोजन बल्बचं खोकं उघडलं. "याच्या काचेला बोट लावायचं नाही बरं का. बोटाचा तेलकटपणा काचेवर राहिला की तापल्यावर तिथेच तडकते." एवढं सांगून त्यांनी ग्रीसने काळेकुट्ट झालेले दोन्ही हात विजारीला पुसले आणि त्याच हाताचं बोट खोक्यात घातलं.

"हात!"

खिडकीतून आलेला आवाज असा होता, की फ्यूजकाकांचं बोट खोक्यातच थिजलं.

"हात बघा आधी भाऊजी! तेच विजारीला पुसलेत? ती विजार शेवटची कधी धुतली होती?"

"वहिनी, अहो, बल्ब आहे, आतडं नाही."

"काचेला बोट लागता कामा नये, असं आत्ता कोण म्हणालं?"

आई बाहेर आली. हातांत पातळ रबरी मोजे, कोपरं अंगापासून दूर, पंजे वर धरलेले. तोंड न फिरवता ती थेट जीपसमोर आली. तिने खोकं लेकीच्या हाती दिलं. "कडा धर. झाकण माझ्याकडे कर. आत हात घालू नकोस." मग दोन बोटांनी बल्बचं पत्र्याचं बूड अलगद उचललं आणि फ्यूजकाकांकडे बघितलं. "हात पुढे करा."

"द्या की."

"'द्या' म्हणायचं नसतं. नुसता हात पुढे करायचा. आमचे सर्जन वर बघतसुद्धा नाहीत."

फ्यूजकाकांनी निमूट पंजा पुढे केला. आईने बल्बचं बूड त्यांच्या बोटांत असं ठाम ठेवलं, की तो वळवावाच लागला नाही. तसाच उजव्या दिव्यात जाऊन बसला. लेक बघत राहिली. आईला काम करताना तिने कधी पाहिलं नव्हतं. थिएटरच्या त्या दारातून आत जायची परवानगी कुणाला असते? आणि आता ते सगळं तिच्या समोर, शेडमध्ये, एका जीपच्या तोंडाशी चाललं होतं.

"आता डावा," आई म्हणाली.

डाव्या दिव्याची कडी फ्यूजकाकांनी सैल केली, तशी आतून एक वस्तू टपकन खाली पडली. जुन्या चपलेच्या रबराचा तुकडा. सुरीने पाचरीसारखा नीट कापलेला, घसरू नये म्हणून तारेचे दोन वेढे दिलेला.

"हे बघा आमच्या मित्राचं इंजिनिअरिंग!" फ्यूजकाका तापले. "मी म्हणतोय दिवा वाकडा का बसलाय! यानेच पाचर मारून डावीकडे वळवलेला. रस्ता सोडून कडेच्या गवतात बघतोय दिवा. एक तर उजेड कमी, त्यातला अर्धा गवताला!" त्यांनी तुकडा फेकायला हात उचलला.

"थांबा," आई म्हणाली.

तिने तो हातात घेतला. मोजे काळे झाले, तिच्या लक्षात आलं नाही.

"मला वाटायचं, दिवा सैल झालाय. किती वेळा म्हटलं मी, अहो, डावा दिवा झुडपांत बघतोय, दुरुस्त करून घ्या. हे म्हणायचे, बघू." तिने तुकडा तळहातावर घेतला. "मी हॉस्पिटलच्या गेटपाशी थांबायची नाही ना कधी. इतके तास तोंडावर मास्क, डोक्यावर ते दिवे. पाळी सुटली की मला तिथे मिनिटभर उभं राहवायचं नाही. मोकळ्या हवेत रस्त्याच्या कडेकडेने चालत सुटायची, गाडी भेटेल तिथे बसायची. आमची त्यावरून कडाक्याची भांडणं व्हायची."

"मला कधी सांगितलं नाहीस," लेक म्हणाली.

"सगळंच काय मुलांना सांगायचं असतं? एकदा तर हे मला ओलांडून पुढे निघून गेले. कडेला होते मी, दिसलेच नाही. गेटपाशी मी नाही म्हटल्यावर परत फिरून आले. घरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, रागावलेत." तिने तुकड्यावरची तार अंगठ्याने चाचपली. "त्यानंतर भांडण कधी झालंच नाही. आणि त्यानंतरच दिवा सैल झाला."

फ्यूजकाका आधीच घट्ट असलेला एक स्क्रू पुन्हा आवळत बसले. लेकीला बाबा दिसले: याच शेडमध्ये उकिडवे बसलेले, चपलेचं रबर कापणारे, लावून बघणारे, थोडं आणखी तासणारे. कुणाला सांगायचं नाही, असं मनाशी ठरवून. त्यांनी आईला बदलायचा नाद सोडला होता आणि दिवा बदलला होता. आपण अशा माणसाच्या घरात वाढलो, असं तिच्या मनात आलं, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच बाबांचा विचार नुसता दुखला नाही.

"तसाच ठेवू का, वहिनी?" फ्यूजकाकांचा आवाज कधी नव्हे तो मऊ होता. "डावीकडेच आहे. समोरच्याला त्रास नाही."

आईने तुकडा एकदा उलटसुलट करून पाहिला.

"नको. सरळ करा. त्यांना रस्ता पाठ होता, एक दिवा माझ्यापायी उधळणं त्यांना परवडायचं. हिला दोन्ही लागतील."

"आणि तू?" लेकीने विचारलं.

"मी थांबेन की गेटपाशी. बाक आहे, वॉचमन आहे. हवा काय तिथे नसते?" मग तिने मोजे बदलले आणि पुन्हा पंजे वर धरले. "चला, डावा बल्ब. भाऊजी, हात."

अंधारून आल्यावर त्यांनी समोरच्या भिंतीवर खडूने रेघ मारून दोन्ही दिवे जुळवले. उजेड उबदार होता, रुंद आणि जमिनीलगत. रेघेच्या वर जवळजवळ काहीच नाही. फ्यूजकाका स्वतःवरच खूश होऊन चहा पिऊन गेले. रबराचा तुकडा आई कपाटात जपून ठेवेल, असं लेकीला वाटलं होतं. आईने तो साबणाने धुतला, पुसला, आणि स्वयंपाकघरातल्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवला. टेबलावर दोन्ही हात दाबून पाहिले. "बसला," ती म्हणाली.

सोमवारी सकाळी ती नेहमीच्या बसने गेली. मोठ्या सिस्टरचं नाव तिने काढलं नाही, लेकीनेही विचारलं नाही.

संध्याकाळी लेक निघाली. पहिलं वळण आलं, कडा दिसला, पांढरी पट्टी दिसली, समोरच्या ट्रकने मुकाट रस्ता दिला. तिने श्वास सोडला. पुढची वळणं तिने एकेक करून घेतली, सावकाश, आणि प्रत्येक वळणानंतर रस्ता पुन्हा समोर पसरलेला दिसला.

गेटपाशी बाकावर आई बसली होती. शेजारी दुसरी एक सिस्टर, मांडीवर पिशवी घेऊन. जीप थांबताच आई उठली आणि तिने मागचं दार उघडलं.

"ही आपल्या पुढच्या गल्लीतच राहते. पाळी सुटली की हिलाही बस नसते. बस गं आत, पाय सांभाळ, ही गाडी उंच आहे." मग ती पुढे येऊन बसली आणि दार दोनदा आपटून लावलं, ते तसंच लागत असे. "मी सांगितलंय हिला, आता रोज आपल्याबरोबर यायचं."

"रोज?" लेक म्हणाली.

"मग काय, एक दिवसाआड?" आई म्हणाली. "बघतेस काय माझ्याकडे? समोर बघ."